श्रावणी शुक्रवार आणि निळी फाईल

पहाटे ५.१५

सडा घातला, दारात लहानशी रांगोळी काढली आणि मगच फोन हातात घेतला. रात्री पावणेदोनला ड्रेस्डेनहून निरोप आला होता. तिकडे तेव्हा सव्वादहा वाजले असतील. "काकू, नवी खोली मिळाली. पण घरमालक सहीचा कागद देत नाहीत, आणि तो नसला तर पत्त्याची नोंदणी होत नाही. दहा दिवस झाले." हा मुलगा निपाणीचा. एप्रिलच्या सत्राला गेला. अशा निरोपाला घाईने दोन ओळींचं उत्तर देऊन भागत नाही. संध्याकाळी फोन करते, एवढंच लिहिलं.

आज श्रावणातला पहिला शुक्रवार. देवघराशेजारच्या भिंतीवर जिवतीचा कागद दिव्यांच्या अवसेलाच लावून ठेवलाय. त्यात नरसिंह, कालियामर्दन, लेकरं खेळवणाऱ्या जरा-जिवंतिका आणि बुध-बृहस्पती. आमच्या बंगळुरूच्या मल्लेश्वरममध्ये शेजारणींना येत्या वरमहालक्ष्मीचे वेध लागलेत. जिवती त्यांना ठाऊक नाही. कागद बेळगावहून कुणीतरी आणून देतं. हळद-कुंकू वाहिलं, दूध-साखरेचा नैवेद्य दाखवला. औक्षण संध्याकाळी.

सकाळी ६.४५

राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने बाप-लेक यशवंतपूरला उतरले आणि रिक्षाने घरी आले. बेळगावचे. मुलाची आज साडेदहाला व्हिसा केंद्रात अपॉइंटमेंट आहे. मी बँकेत २७ वर्षं काढली, शेवटची ९ शैक्षणिक कर्जाच्या टेबलावर. निवृत्त झाल्यापासून अकराव्या क्रॉसवरच्या या घराच्या पुढच्या खोलीत मुलांच्या फायली बघते. ओळखीतून ओळख निघते आणि मुलं येत राहतात.

"ताई, रात्रभर फाईल उशाला घेऊन पडलंय बघा पोरगं," बाप चपला काढता काढता म्हणाला. मुलगा काही बोलला नाही. निळी फाईल त्याच्या छातीशी होती. बापाच्या हातात कुंद्याचे दोन डबे. एक माझ्यासाठी. दुसरा जपून ठेवायचा होता, पुढं मुलाच्या बॅगेत जायचा म्हणून.

दुसऱ्या डब्याचं आत्ताच सांगितलेलं बरं म्हणून सांगितलं. युरोपात उतरणाऱ्या प्रवाशाला बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. जनावरांचे रोग त्यातून शिरू नयेत म्हणून तो नियम आहे. म्हणजे कुंदा नाही, पेढा नाही, घरचं साजूक तूपही नाही. बापाचा चेहरा उतरला. "एवढा कुंदा? त्यानं काय होतंय तिथं?" मेतकूट, गोडा मसाला, शेंगदाण्याची चटणी चालते, असं म्हणून मी चहा टाकायला उठले. लाखांचा खर्च सोसायला तयार असलेला माणूस अर्ध्या किलोच्या डब्याने हलतो, हे मी दर वर्षी पाहते. वाईट वाटतं. पण विमानतळावर डबा काढून टाकावा लागण्यापेक्षा आत्ता वाईट वाटलेलं परवडलं.

सकाळी ७.३०

टेबल रिकामं केलं आणि मुलाला समोर बसवलं. बापाला म्हटलं, "भाऊ, तुम्ही इथं बसा, पण फायलीला हात लावायचा नाही." मी खिडकीमागची अधिकारी झाले.

"ॲडमिशनचं पत्र?"

त्याने काढून दिलं.

"एपीएसचं प्रमाणपत्र?"

तेही निघालं. नोव्हेंबर २०२२ पासून जर्मनीला शिकायला जाणाऱ्या भारतीय विद्यार्थ्याला हे लागतंच. आपली मार्कलिस्टं आणि डिग्री खरी आहेत, हे तपासून दिलेला दाखला असतो तो. विद्यापीठातून कागद मिळेपर्यंत आणि तिथून दाखला येईपर्यंत आठवडेच्या आठवडे जातात. ज्याने हा दाखला शेवटी ठेवला, त्याचं सत्र गेलं, असं बऱ्याचदा होतं.

"ब्लॉक्ड अकाउंट?"

इथे तो अडखळला. दोनदा पानं उलटली. बापाचा हात पुढे आला, मी नुसतं पाहिलं, हात मागे गेला. कागद सापडला तो विम्याच्या मागे. ११,९०४ युरो. आपले साधारण बारा लाख. ही फी आहे असं त्याच्या बापाला परवापर्यंत वाटत होतं. ती फी नाही. मुलाचेच पैसे आहेत ते. तिकडे गेल्यावर दरमहा ९९२ युरोप्रमाणे त्यालाच वर्षभर मिळायचे. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणाची फी जवळजवळ नसते, म्हणूनच शेती आणि पगार यांच्या मधल्या घरांतली मुलं तिकडे वळतात. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात तिथे ४९,४८३ भारतीय विद्यार्थी होते. परदेशी विद्यार्थ्यांत सगळ्यांत मोठा गट आपलाच.

"याला विम्याच्या मागे कुणी ठेवलं?"

"मीच."

"मग त्याची जागा कुठली ते तूच ठरव."

त्याने सगळी पानं काढली. ॲडमिशनच्या मागे पैसे, पैशांच्या मागे विमा, मग शिक्षणाचे कागद जुन्यापासून नव्यापर्यंत. वरती अनुक्रमणिका त्याच्याच हातची, निळ्या शाईत, चौदा ओळींची. ती त्याने खोडून पुन्हा लिहिली. वीस मिनिटं गेली. बाप घड्याळ पाहत होता, मी पाहू दिलं नाही.

एक अडचण उरली होती, नावाची. आपल्याकडे ती हमखास असते. दहावीच्या मार्कलिस्टवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टात वडिलांचं नाव मुलाच्या नावाला जोडलेलं. डिग्रीवर वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर. तिन्ही कागद एकाच मुलाचे, हे गल्लीतल्या कुणालाही कळेल. टेबलापलीकडच्या परक्या माणसाला मात्र तीन माणसं दिसतात. स्टँपपेपरवर नोटरीसमोर केलेलं प्रतिज्ञापत्र फायलीत होतं, पण अगदी तळाशी. "ज्या कागदामुळे शंका येते, त्याच्या पाठोपाठच उत्तर हवं," एवढंच म्हटलं. त्याने ते उचलून डिग्रीच्या मागे लावलं.

हद्दीची गंमत वाटावी अशी एक गोष्ट आहे, पण त्या भागातल्या लोकांना ती गंमत वाटत नाही. बेळगाव कर्नाटकात, म्हणून या मुलाचा अर्ज बंगळुरूच्या जर्मन वकिलातीकडे. त्याचा मावसभाऊ चंदगडचा. दोघं एकाच कट्ट्यावर अभ्यास करायचे. त्याचा अर्ज मुंबईला. एका घरातल्या दोन बहिणींची मुलं, दोन दिशांना जाणाऱ्या दोन रात्रगाड्यांत.

सकाळी ९.००

दोघांना इडली खायला घातली आणि मंत्री स्क्वेअर संपिगे रोडच्या मेट्रो स्थानकापर्यंत सोडायला निघाले. आठव्या क्रॉसवर फुलांचे ढीग लागलेत. शेवंती, मोगरा, कमळाच्या कळ्या. बापाने चालता चालता मोगऱ्याचा गजरा घेतला आणि माझ्या हातात दिला. "घरची नाहीत इथं, तुम्हीच घ्या." मुलगा मध्येच थांबून फायलीची चेन पुन्हा पुन्हा तपासत होता.

आत जाताना त्याने विचारलं, "काकू, काही विचारलं आणि मला आलं नाही तर?"

"तुझ्या फायलीत तुला माहीत नाही असं काही आहे का?"

त्याने विचार केला. "नाही."

"मग जा."

सकाळी १०.१५

वरच्या खोलीतली मुलगी खाली आली. ती इथिओपियाची, टाटा इन्स्टिट्यूटमध्ये पीएच.डी. करते. १९०९ पासून चालू असलेल्या त्या संस्थेला जुनी मल्लेश्वरमकर माणसं अजून त्याच नावाने ओळखतात. ती राहायला आली तेव्हा कागदाच्या दुसऱ्या बाजूला कसं वाटतं, ते मला पहिल्यांदा कळलं. परदेशी माणूस घरात राहायला आला की चोवीस तासांच्या आत घरमालकाने सरकारला कळवायचं असतं. तिने स्वतः, व्हिसा १८० दिवसांहून जास्त मुदतीचा असल्याने, चौदा दिवसांत नोंदणी करायची असते. नोंदणीला राहण्याच्या पत्त्याचा पुरावा लागतो. तो द्यायचा मी. कोचीहून आलेल्या भाडेकरूला जो करार पुरला होता तो हिला पुरेना. दोन दिवस मी टाळलं, आणि तिसऱ्या दिवशी तिच्या डोळ्यांत पाहून लाज वाटली. त्याच संध्याकाळी बसून सगळं भरून दिलं.

जर्मनीतही नव्या पत्त्याची नोंदणी चौदा दिवसांतच करायची. ड्रेस्डेनचा निरोप डोक्यात होता म्हणून हे आज पुन्हा आठवलं.

तिला आंबोळी आणि काळ्या वाटाण्याची उसळ दिली. तिच्या देशातल्या इंजेरालाही आंबवलेल्या पिठाची अशीच जाळी पडते. पहिल्या आठवड्यात ती घास तोडता तोडता गप्प झाली होती. आता दोन मागते.

सकाळी ११.३०

धारवाडहून फोन. मुलगी ब्रिटनला निघालीय. तिथल्या नियमाप्रमाणे फी आणि राहण्याचा खर्च सलग २८ दिवस खात्यात असावा लागतो. "वहिनी, एका मित्राकडून महिनाभरासाठी पैसे घेऊन ठेवले तर? महिन्याने परत करतो."

मी नाही म्हटलं. बँकेत बसून मी अशी खाती खूप पाहिली आहेत. सहा महिने चाळीस-पन्नास हजारांवर चाललेलं खातं, आणि एके दिवशी अचानक अठरा लाख. ते बघायला अधिकारी असावं लागत नाही. फसवणूक केल्याचं ठरलं तर ब्रिटन दहा वर्षं दार बंद करू शकतं. पण मला त्याहून मोठी भीती वेगळीच वाटते. समजा, चाललं. व्हिसा मिळाला. पैसे मित्राला परत गेले. सप्टेंबरात लेस्टरच्या किंवा लीड्सच्या थंडीत ती मुलगी खोलीचं भाडं कशाने भरणार? ही पैशांची अट सरकारने आपल्याला अडवायला घातलीय असं पालकांना वाटतं. पहिल्या वर्षी उपाशी राहू नये म्हणून मुलीच्या हाताशी असायलाच हवेत तेवढेच ते पैसे आहेत.

"मग काय करू?"

कर्ज काढा म्हटलं. घराचे कागद घेऊन या, किती बसतं ते मांडू. कर्जाच्या रकमेवर परदेशी पैसे पाठवताना कापला जाणारा कर २०२५ च्या एप्रिलपासून लागत नाही, हे त्यांना ठाऊक नव्हतं. आणि तेही जमत नसेल तर मुलीला एक वर्ष नोकरी करू द्या. ते गप्प झाले. मग म्हणाले, "तिच्याशी तुम्ही बोलाल का?" बोलेन. पण आधी तिच्याशी तुम्ही बोला, पैशांचं खरं काय ते सांगा. फोन ठेवल्यावर बराच वेळ बरं वाटलं नाही.

दुपारी १.३०

वरण-भात, गवारीची भाजी. अमेरिकेला निघालेली समोरच्या बिल्डिंगमधली मुलगी वीस मिनिटांसाठी आली. तिची मुलाखत चेन्नईला. खिडकीपाशी दोन-तीन मिनिटं मिळतात. पाठ केलेलं उत्तर तिसऱ्या वाक्याला लक्षात येतं, म्हणून तिला एकच प्रश्न सात वेगवेगळ्या प्रकारे विचारला. पाचव्या वेळेला ती पहिल्यांदा आपल्या आवाजात बोलली.

दुपारी ३.००

दिवसातला हा तास मला सगळ्यांत जवळचा. कोल्हापूरची एक मुलगी पीन्यात एका कारखान्यात नोकरी करते. आज सुट्टी काढून आलीय. पुढच्या वर्षी जर्मनीत उत्पादन तंत्रज्ञानात मास्टर्सला जायचंय. तिने आपलं हेतुपत्र पुढे ठेवलं. पहिलं वाक्य: लहानपणापासून मला यंत्रांचं आकर्षण होतं.

मी कागद उलटा करून ठेवला. हे वाक्य मी आधी वाचलंय, खूपदा वाचलंय, आणि एकदा माझ्याच घरात वाचलंय. २०१६ साली माझ्या मुलाची फाईल आम्ही एका एजंटाकडे दिली होती. दिवसभर मी इतरांच्या फायली तपासत होते आणि घरच्या मुलाचं पत्र परक्या माणसाकडून लिहून घेतलं. नकार आला. नंतर कळलं, त्या पत्रातले तीन परिच्छेद आणखी कुणाकुणाच्या पत्रांत तसेच्या तसे होते. मुलगा आठवडाभर कुणाशी बोलला नाही. मग स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून त्याने स्वतः लिहिलं. चुका होत्या, पण तो होता त्यात. दुसऱ्यांदा व्हिसा मिळाला. त्याहून मोलाचं म्हणजे तिकडे गेल्यावर कुठल्याही कार्यालयात त्याला कुणाचा हात धरावा लागला नाही. तेव्हापासून मी कुणाचंही पत्र लिहून देत नाही.

"लहानपणाचं राहू दे. गेल्या महिन्यात काय केलंस?"

"तेच. ओतीव तुकडे येतात, त्यांचं मशीनिंग."

"त्यात वाईट काय वाटलं?"

ती हसली, मग बोलायला लागली. तिचे वडील उद्यमनगरात फौंड्रीत होते. ओतकामात कधी धातूच्या आत हवा अडकते, बाहेरून तुकडा गुळगुळीत दिसतो. लेथवर चढवून कापायला घेतला की आतलं छिद्र उघडं पडतं आणि तुकडा बाद. तोवर भट्टीचा जाळ, वीज, माणसाचे तास, सगळं त्यात गेलेलं असतं. लहानपणी ती वडिलांचा डबा घेऊन जायची तेव्हा फौंड्रीमागे बाद तुकड्यांचा ढीग असायचा. आता तसेच तुकडे पीन्यात तिच्या मशीनवर येतात. सहा आठवडे तिने वहीत मांडलंय, कुठल्या साच्यातले तुकडे जास्त बाद होतात.

"वही आहे?"

पर्समध्येच होती. तेलाचे डाग पडलेली, दोनशे पानी. आकडे, तारखा, बाणांच्या खुणा. मी ती पत्राशेजारी ठेवली. "कापण्याआधी छिद्र कळायला हवं, म्हणून मला शिकायचंय," असं ती म्हणाली, आणि आपणच काय म्हणालो ते ऐकून थांबली. ते तिने लिहून घेतलं. संध्याकाळपर्यंत पत्र झालं नाही, पण पहिला परिच्छेद तिचा झाला.

निघताना तिला दोन माणसांचं सांगितलं. १९२१ साली जर्मनीत शिकण्याच्या परवानगीसाठी बाबासाहेब आंबेडकरांनी आपला अर्ज आणि आपल्या शिक्षणाचा आढावा स्वतः जर्मन भाषेत लिहिला. पुढच्या वर्षी बॉन विद्यापीठात त्यांचं नाव नोंदलं गेलं. तोवर कोलंबिया आणि लंडन पाहिलेला तो माणूस कुणाकडूनही लिहून घेऊ शकला असता. आणि इरावती कर्वे. १९२८ मध्ये बर्लिनला निघाल्या तेव्हा सासरे महर्षी कर्व्यांना ते पसंत नव्हतं. पैसे जीवराज मेहतांनी कर्जाऊ दिले. तिथे कवट्या मोजून त्यांनी जो निष्कर्ष काढला तो त्यांच्या मार्गदर्शकाच्या वंशविषयक समजुतीच्या विरुद्ध होता, आणि तोच त्यांनी प्रबंधात मांडला. "कर्जाऊ?" मुलीने एवढंच विचारलं. हो म्हटलं, कर्जाऊ. तिच्या वडिलांनीही घर तारण ठेवायचं ठरवलंय.

संध्याकाळी ५.३०

काडू मल्लेश्वराला जाऊन आले. या भागाला नाव दिलं ते या देवाने. १६६९ च्या शिलालेखात शिवरायांचे बंधू व्यंकोजीराजे यांनी या देवाला गाव दान दिल्याची नोंद आहे. शहाजीराजांची जहागीर इथली, म्हणून भोसल्यांची ही शाखा इथे रुजली आणि पुढे तंजावरला गेली. तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी आलेल्यांचे वंशज आज घरात कानडी मिसळलेली मराठी बोलतात, गौरी-गणपती आपल्या पद्धतीने करतात. परक्या गावात मुळं धरायला किती काळ लागतो, असं मुलं विचारतात. त्या पायऱ्यांवर बसून मला उत्तर सुचत नाही, पण भीती कमी होते.

संध्याकाळी ७.००

ड्रेस्डेनला साडेतीन वाजले होते. मुलगा फोनवर आला तो घाबराच. त्याला वाटत होतं, घरमालकाने सही देणं ही मेहरबानी आहे. तसं नाही. भाडेकरू राहायला आल्याची पुष्टी देणं तिथल्या कायद्याने घरमालकावर बंधनकारक आहे, आणि तो देत नसेल तर नोंदणी कार्यालयाला तसं लगेच कळवायचं असतं. "त्यांना आधी एक नम्र पत्र लिही. जर्मनमध्ये. दोन दिवसांची मुदत दे. आणि नोंदणीची अपॉइंटमेंट आजच घेऊन ठेव."

"काकू, तुम्ही लिहून देता?"

"तू लिही, मला वाचून दाखव."

अर्ध्या तासाने त्याने वाचून दाखवलं. मला जर्मन फारसं येत नाही. पण आवाज रात्रीच्या निरोपातला नव्हता. मग म्हणाला, आज शुक्रवार ना, आईने निपाणीहून फोन केला होता.

जिवतीपुढे दिवा लावला. समोर असलेल्या लेकराला ओवाळायचं, आणि जी दूर आहेत त्यांच्यासाठी चारही दिशांना अक्षता टाकायच्या, असं आई करायची. माझा मुलगाही आता पश्चिमेलाच आहे. पश्चिमेला जरा जास्त अक्षता पडल्या. वरची मुलगी जिन्यात उभी राहून पाहत होती. तिला खाली बोलावलं, पाटावर बसवलं आणि ओवाळलं. कशासाठी ते तिने विचारलं नाही. तिच्या आईकडे पाठवायला फोटो मात्र काढून घेतला.

रात्री ८.४५

बाप-लेक गाडीआधी जेवायला आले. कागद घेतले, बोटांचे ठसे झाले, पासपोर्ट तिकडे राहिला, पावती मिळाली. निकाल काही आठवड्यांनी. केंद्रातल्या बाईंनी नावाबद्दल विचारलं होतं. मुलाने पान उलटून प्रतिज्ञापत्र दाखवलं, त्यांनी मान हलवली, झालं. बाप हे तिसऱ्यांदा सांगत होता.

भात वाढता वाढता मुलाने विचारलं, "काकू, ही फाईल आता तुमच्याकडे ठेवू का? दुसऱ्या कुणाला नमुना म्हणून?"

"नको. तुझी आहे, तूच ने. तिकडे याच फायलीत पुढचं लावायचंय."

जेवण झाल्यावर त्याने हात पुसले, फाईल उघडली आणि चौदाव्या ओळीखाली पंधरावा आकडा टाकला. "काय लिहू?"

ड्रेस्डेनचं त्याला सांगितलं. त्याने निळ्या शाईत लिहिलं, घरमालकाच्या सहीचा कागद, आणि पुढची तारखेची जागा मोकळी सोडली. बाप रिक्षा थांबवायला खाली गेला होता.